मागील चाकांचे ड्रम-ब्रेक : लक्षण एकीकडे, दोष दुसरीकडे

झाशी शहराला पूर्वी भक्कम दगडी तट होता आणि त्या तटाला दहा दरवाजे होते. ओरछा, दतिया, उनाव, सागर, भांडेर अशी त्यांपैकी अनेकांची नावे, ज्या गावाकडे तेथून वाट निघे त्या गावावरून पडलेली आहेत. खंडेराव दरवाजाचे नाव मात्र माणसाचे आहे आणि मराठी कानाला ते लगेच ओळखीचे वाटते. नेवाळकर घराण्याच्या राजवटीत महाराष्ट्रातून आलेली कित्येक कुटुंबे झाशीत स्थायिक झाली. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाने १८५८ सालच्या वेढ्यातील झाशी मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचविली. गोडसे भटजी येथे आले त्या काळी शहरातील रस्त्यांवरून घोडी, हत्ती, पालख्या आणि बैलगाड्या ये-जा करीत. त्यांच्या चालीला पुरेल अशा बेताने वसलेल्या त्या जुन्या वस्तीतून आज मोटारी फिरतात.

अशा वस्तीत मोटारीची खरी कसोटी थांबण्यात लागते. क्षणात गाय आडवी येते, क्षणात हातगाडी वळते, कोणाचे तरी मूल चेंडूमागे धावते. वेग थोडा असला तरी ब्रेकवर पाय वारंवार जातो. त्यातच बुंदेलखंडातील हवामानाची भर पडते. उन्हाळ्यात झाशीचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्याही वर जाते, रस्त्यावरची बारीक धूळ प्रत्येक फटीत शिरते आणि पावसाळ्यात उभ्या मोटारीच्या लोखंडावर गंज चढतो. उष्णता, धूळ आणि ओलावा हे तिन्ही ब्रेकचे शत्रू होत. मोटार जुनी असली, तर या तिघांचा पहिला आघात बहुधा मागील चाकांच्या ड्रमवर होतो.

जुनी मोटार म्हणजे केवळ संग्रहातील हौसेची वस्तू नव्हे. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. १९८३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा ग्राहकाच्या हाती आलेल्या मारुती ८०० चे उत्पादनही २०१४ सालीच संपले. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून सेवा २०२३ च्या ऑक्टोबरात समाप्त झाली. तथापि या जातींच्या मोटारी अद्यापही कित्येक घरांपुढे उभ्या आहेत आणि चालविल्याही जातात. या सर्वांच्या मागील चाकांत ड्रम-ब्रेकच असतात. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते, त्या वेळी तिची योग्यताही तपासली जाते. पण ब्रेक शाबूत ठेवण्याचे खरे कारण सरकारी तपासणी हे नसून रस्त्यावरून चालणारा माणूस हे आहे.

थांबणे म्हणजे काय

चालत्या वस्तूच्या अंगी गतीमुळे ऊर्जा असते. एक हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ही ऊर्जा सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल भरते. मोटार थांबविताना ही ऊर्जा नाहीशी होत नाही. घर्षणाने तिची उष्णता होते. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ३३ अंशांनी वाढेल. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणून ब्रेक हे वस्तुतः गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र आहे आणि ती उष्णता त्याला हवेत सोडून द्यावी लागते.

ड्रम-ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारे एक बिडाचे पसरट पातेले असते. तेच ड्रम. त्याच्या आत, न फिरणाऱ्या पत्र्यावर, अर्धचंद्राच्या आकाराचे दोन ‘शू’ बसविलेले असतात. शूच्या बाहेरील कडेवर घर्षणाचा थर असतो, त्याला आपल्याकडील गॅरेजांत ‘लायनर’ म्हणतात. चालकाने पायाने पट्टी दाबली की मास्टर सिलिंडरमधील द्रव नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या छोट्या सिलिंडरकडे दाब पोहोचवितो. बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा सतराव्या शतकात पास्कालने मांडलेला नियम येथे कामी येतो. चाकाच्या सिलिंडरमधील दोन दट्ट्ये बाहेर सरकतात, शू ड्रमला आतून भिडतात आणि चाक मंदावते. पाय उचलला की स्प्रिंगा शूंना मागे ओढून घेतात.

मोटारीच्या ब्रेकमध्ये द्रवाचा असा उपयोग करण्याची कल्पना माल्कम लॉकहीड याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुढे आणली आणि १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक बसविण्यात आले. ड्रमची कल्पना त्याहूनही जुनी असून १९०२ सालच्या लुई रेनॉ याच्या रचनेपासून तिचा आधुनिक इतिहास सांगितला जातो. शंभर वर्षांनंतरही ती टिकली, याला कारण आहे. फिरणारा ड्रम दोन शूंपैकी एकाला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबून धरतो, त्यामुळे पायाच्या थोड्या जोराचे काम मोठे होते. शिवाय हँडब्रेकची तार याच शूंना सहज जोडता येते.

परंतु याच रचनेत एक उणीवही दडलेली आहे. सर्व काही पातेल्याच्या आत झाकलेले असते. आतली झीज, गळती, गंज यांपैकी काहीच बाहेरून दिसत नाही. बाहेर दिसते ते केवळ लक्षण, आणि ते बहुधा दोषापासून दूर कोठेतरी प्रकट होते.

लक्षणावरून कारणाकडे

सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे हँडब्रेक धरत नाही. चढावर उभी केलेली मोटार हळूच मागे सरकते. अशा वेळी तार ओढून घट्ट करण्याची पद्धत सर्रास आढळते, कारण ते काम पाच मिनिटांत होते. परंतु तार सहसा आपणहून एवढी ढिली पडत नाही. लायनर झिजल्यामुळे शू आणि ड्रम यांमधील अंतर वाढलेले असते. तार ताणली की झिजलेले शू किंचित पसरलेल्या स्थितीत अडकून राहतात. ज्या मोटारींत अंतर आपोआप जुळविणारी योजना असते, ती योजना या ताणामुळे निकामी ठरते. हँडब्रेक काही आठवडे धरतो. मूळ झीज मात्र चालूच राहते आणि तिची सूचना देणारे एकमेव लक्षण पुसून टाकले जाते. म्हणून प्रथम शूंचे अंतर जुळवावे, तारेला हात सर्वांत शेवटी लावावा.

पायातील पट्टी खोल जाते, पण दोन-तीनदा भराभर दाबल्यावर वर येते, असे झाल्यास अंतर वाढले आहे असे समजावे. पट्टी स्पंजासारखी मऊ लागत असेल, तर नळ्यांत हवा शिरली आहे; हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पट्टीवर पाय स्थिर ठेवला असता ती हळूहळू खाली उतरत असेल, तर एक तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील रबर निकामी झाले आहे. अशी मोटार रस्त्यावर नेऊच नये.

ब्रेक लावताना पट्टी पायाखाली ठोके देत असेल, तर ड्रमची गोलाई बिघडलेली असण्याचा संभव असतो. धातूवर धातू घासल्याचा खरखरीत आवाज आल्यास लायनर संपून रिव्हेटची डोकी किंवा शूचे लोखंड ड्रमला लागत आहे.

चाक अडकून राहणे, ज्याला मिस्त्री ‘ब्रेक जाम’ म्हणतात, हा दोष अधिक फसवा आहे. प्रवास संपल्यावर चाकाजवळ हात नेला असता एक चाक इतरांपेक्षा फार तापलेले जाणवते. येथे कारण शोधण्याचा एक सोपा मार्ग आहे. मोटार उचलून, अडकलेल्या चाकाच्या सिलिंडरवरील हवा काढण्याचा स्क्रू किंचित सैल करावा. द्रवाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब आत कोंडला गेला होता, हे सिद्ध झाले. मग दोष त्या चाकात नसून वरच्या बाजूस आहे : रबरी नळी आतून सुजली असेल किंवा मास्टर सिलिंडरमधील परतीचे छिद्र बुजले असेल. स्क्रू सोडूनही चाक अडकलेलेच राहिले, तर दोष यांत्रिक आहे. गंजलेली तार, मोडलेली स्प्रिंग किंवा चिकटलेला दट्ट्या शोधावा. एवढी एक चाचणी केली, तर नवे शू विनाकारण बसविण्याचा खर्च कित्येकदा वाचतो.

ड्रम उघडताना

मोटार सपाट, टणक जागी उभी करावी. पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, चाकाचे नट थोडे सैल करून मग जॅक चढवावा आणि मोटारीचा भार लोखंडी घोडीवर द्यावा. जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर मोटारीखाली कोणीही जाऊ नये. वीट भाराखाली पूर्वसूचना न देता फुटते. त्यानंतर हँडब्रेक सोडावा, एरवी ड्रम निघणार नाही.

जुन्या ड्रमच्या आतील कडेला झिजेमुळे एक कंगोरा तयार होतो आणि तो शूंना अडतो. ड्रमवर हातोडा चालविण्यापूर्वी समायोजक उलटा फिरवून शू आत घ्यावेत. बीड ठिसूळ असते. घावाने त्याला तडा जातो. काही ड्रमना आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडेथोडे आवळल्यास ड्रम आपोआप बाहेर येतो.

एका वेळी एकच बाजू उघडावी. स्प्रिंग कोणत्या भोकात अडकविलेली आहे, लांब लायनरचा शू पुढे आहे की मागे, हे विसरले तर दुसरी बाजू नमुना म्हणून जशीच्या तशी समोर असते. अनुभवी कारागीरही हा नियम पाळतात.

धूळ ही क्षुल्लक गोष्ट नव्हे

ड्रम निघताच आत काळसर धूळ साचलेली दिसते. ती फुंकरीने वा हवेच्या नळीने उडविणे, ही अनेक गॅरेजांतील सवय होय, आणि ती प्राणघातक ठरू शकते. इंग्लंडमधील हर्बर्ट फ्रूड याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घर्षणाच्या थरांचा धंदा सुरू केला. त्याच्या आडनावाच्या अक्षरांची अदलाबदल करूनच ‘फेरोडो’ हे नाव बनले. पुढे या थरांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू वापरण्याची प्रथा जगभर रूढ झाली, कारण ते उष्णतेत जळत नाहीत. हेच तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले की तेथे रुतून बसतात आणि वीस-तीस किंवा त्याहूनही अधिक वर्षांनंतर फुप्फुसाचा दाह, कर्करोग असे रोग उद्भवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्वच प्रकार कर्करोगकारक आहेत. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या प्रकरणी, कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असे सांगितले.

जुन्या मोटारीतील किंवा जुन्या साठ्यातील लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून ते आहे असे मानूनच वागावे. धूळ पाण्याने ओली करावी, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, फडके पिशवीत बंद करून टाकावे. तोंडावर चांगल्या प्रतीचा मुखवटा बांधावा. साधा रुमाल या तंतूंना अडवीत नाही. गॅरेजात पाना देण्यासाठी जवळ उभ्या असलेल्या मुलाला त्या वेळी दूर पाठवावे. रोगाला तीस वर्षे लागतात आणि त्या मुलाच्या पुढे तितकी वर्षे सर्वांत निश्चितपणे असतात.

तपासणी आणि दुरुस्ती

लायनर चिकटविलेले असोत वा रिव्हेटचे, झीज शूच्या लोखंडाजवळ किंवा रिव्हेटच्या डोक्याजवळ पोहोचण्यापूर्वीच ते बदलावेत. नेमकी मर्यादा मोटारीच्या पुस्तिकेत दिलेली असते. ड्रमवर खोल चरे असतील किंवा गोलाई गेली असेल, तर तो लेथवर कातून घेता येतो. मात्र कातण्याला सीमा आहे. बहुधा ड्रमवरच कमाल व्यास कोरलेला असतो, तो ओलांडणारा ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि जोराच्या ब्रेकखाली फुटू शकतो. तसा ड्रम भंगारात द्यावा.

चाकाच्या सिलिंडरची रबरी टोपी हलकेच मागे सारून पाहावी. आत द्रव आढळला, तर सिलिंडर गळू लागला आहे. आतील भाग गुळगुळीत असल्यास रबरे बदलून चालते. गंजाचे खड्डे पडले असल्यास सिलिंडरच बदलावा, कारण खड्ड्यांवरून घासणारे नवे रबरही थोड्याच दिवसांत फाटते.

लायनर ओला आढळला, तर तो कशाने भिजला हे ठरविणे आवश्यक आहे. ब्रेकचा द्रव पातळ असतो आणि पाण्याने धुतला जातो. गियर ऑइल घट्ट असते, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो आणि ते पाण्याने जात नाही. गियर ऑइल सापडल्यास आसाच्या टोकाचे ऑइल सील गेले आहे, असे अनुमान निघते. पण तेथेही थांबू नये. आसाच्या घरावर हवा बाहेर जाण्यासाठी एक लहानसे छिद्र असते. धुळीने ते बुजले, की तापलेल्या तेलामुळे आत दाब वाढतो आणि चांगले सीलही तेल बाहेर सोडू लागते. धुळीच्या मुलखात नवे सील पुन्हा पुन्हा जाते, त्याचे कारण अनेकदा या बुजलेल्या छिद्रात असते. सुईएवढ्या वाटेची सफाई न केल्याने ब्रेक निकामी होतो.

तेलाने भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून किंवा कानशीने घासून पुन्हा बसविण्याचा मोह टाळावा. थरात मुरलेले तेल ब्रेक तापताच पुन्हा पृष्ठभागावर येते. त्याहून मोठा धोका असा की थोडेसे तेलकट लायनर कधी घसरते, तर कधी अचानक करकचून धरते. मोटार जोराने थांबते तेव्हा तिचा भार पुढील चाकांवर जातो आणि मागील चाके हलकी होतात. अशा क्षणी एकच मागील चाक आवळले गेले, तर ओल्या रस्त्यावर मोटारीची मागील बाजू फिरून आडवी येते. याच कारणास्तव लायनर नेहमी दोन्ही मागील चाकांचे एकदम बदलावेत. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने लायनर ठेवून केलेली काटकसर सर्वांत महाग पडते.

पत्र्याच्या ज्या उंचवट्यांवर शू सरकतात, तेथे उष्णतेत न वितळणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. स्प्रिंगा ताणलेल्या, गंजलेल्या असतील तर नव्या घालाव्यात. ड्रम बसविल्यावर समायोजकाने शू पसरवीत न्यावेत. चाक हाताने फिरेनासे झाले की समायोजक मागे घेत, चाक जेमतेम मोकळे फिरेल तेथे थांबावे. जेथे ही योजना आपोआप चालणारी असते, तेथे पुस्तिकेतील रीत पाळावी. हे झाल्यावरच हँडब्रेकच्या तारेची ढिलाई पाहावी.

‘ब्रेक ऑइल’ हे तेल नव्हे

बाजारात ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, तो सामान्यतः ग्लायकॉल वर्गातील द्रव असतो. नावाला फसून एखाद्याने त्या भांड्यात खनिज तेल ओतले, तर सर्व रबरे फुगतात आणि संपूर्ण संचातील रबरी भाग बदलावे लागतात. या द्रवाचा दुसरा गुण म्हणजे तो हवेतील ओलावा शोषून घेतो. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तीच किमान मर्यादा १४० अंश धरली आहे. जुना द्रव तापलेल्या ब्रेकमध्ये उकळला, की नळीत वाफ होते आणि पट्टी पायाखाली पोकळ जाते. यास्तव साधारण दोन वर्षांनी सर्व द्रव बदलावा, आणि उघड्या राहिलेल्या जुन्या डब्यातील द्रव कधीही वापरू नये.

हवा काढण्यास दोन माणसे लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी, उजव्या हाताच्या सुकाणूच्या मोटारीत ते बहुधा मागील डावे चाक असते. स्क्रूला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील द्रवात बुडवावे. एकाने पट्टी सावकाश दाबून धरावी, दुसऱ्याने स्क्रू सैल करून लगेच आवळावा, मगच पट्टी सोडावी. बुडबुडे येणे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे आणि वरच्या भांड्यातील पातळी उतरू देऊ नये, अन्यथा हवा पुन्हा आत शिरेल.

शेवटी मोटार उभी असतानाच पट्टी मिनिटभर जोराने दाबून धरावी. ती खाली जाता कामा नये. प्रत्येक जोडावर ओल आहे का ते पाहावे. मग मोकळ्या मैदानात ताशी दहा-पंधरा किलोमीटर वेगाने ब्रेक लावून पाहावा. मोटार सरळ रेषेत थांबली पाहिजे. काही किलोमीटर गेल्यावर दोन्ही मागील चाकांची उष्णता ताडून पाहावी. दोन्हींची ऊब सारखी असणे ही दुरुस्ती पूर्ण झाल्याची खूण होय.

खंडेराव दरवाजाजवळच्या गर्दीत आडव्या आलेल्या मुलाला या पातेल्यात काय दडले आहे ते ठाऊक नसते. चालकालाही ते दिसत नाही. ते पाहण्याची संधी वर्षातून एक-दोनदा फक्त ड्रम उघडणाऱ्या हाताला मिळते. म्हणूनच त्या हाताने लक्षण बुजवून समाधान मानू नये. हँडब्रेक ढिला पडला तर लायनरपर्यंत आणि लायनर भिजला तर त्या सुईएवढ्या छिद्रापर्यंत जावे.